घशाशी येणारं काडतूस

भारतीय सैन्यात कुणी नुसतं 'सेव्हन सिक्स टू'चं काडतूस मागितलं, तर देणाऱ्याला उलट विचारावंच लागतं: कुठलं? जुन्या एसएलआर रायफलीचं आणि २०१९ मध्ये अमेरिकी कंपनीकडून घ्यायचं ठरलेल्या सिग ७१६चं काडतूस ७.६२×५१. एके-४७चं, आणि अमेठी जिल्ह्यात कोरव्याला बनणाऱ्या एके-२०३चं ७.६२×३९. द्रागुनोव्ह या रशियन स्नायपर रायफलीचं ७.६२×५४, आणि तेही बुडाशी बाहेर आलेल्या कडेचं. पहिला आकडा तिघांचा एकच. तरी एकाचं काडतूस दुसऱ्याच्या रायफलीत चालत नाही, कारण गुणिले चिन्हापुढचा आकडा पुंगळीची लांबी सांगतो आणि पुंगळीची जाडी, उतार, मान यांबद्दल तर दोन्ही आकडे काहीच बोलत नाहीत.

याची उलट बाजूही आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेटला .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली. हे .२७५ म्हणजे जर्मनांचं ७×५७ माउझर काडतूस. लंडनच्या रिग्बी कंपनीनं त्याचं इंग्रजी बारसं केलं एवढंच. एका नावाची तीन वेगळी काडतुसं, दोन वेगळ्या नावांचं एकच काडतूस. बंदुकीच्या दुनियेत नळीवर कोरलेला आकडा हे माप नसून नाव आहे हे एकदा मनात पक्कं केलं, की पुढचं सगळं सोपं जातं. .३०८ इंच आणि ७.६२ मिलिमीटर यांचंच बघा. हिशेब केला तर ७.६२ मिलिमीटर म्हणजे .३०० इंच. तरी दोन्ही काडतुसांत गोळी तीच असते. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. खाचांच्या तळापासून तळापर्यंत मोजलं तर .३०८ भरतं आणि खाचांमधल्या उंचवट्यांपासून मोजलं तर .३००. एकानं खोलीची रुंदी भिंतीपासून भिंतीपर्यंत घेतली, दुसऱ्यानं खांबापासून खांबापर्यंत.

आता चेंबरकडे वळू. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसवायची जी पोकळी असते तिला चेंबर म्हणतात. त्यात पितळी पुंगळी बसते, पुंगळीत दारू, बुडाला ती पेटवणारा प्रायमर, तोंडात गोळी. मागून बोल्ट बंद होतो. पुंगळी चेंबरमध्ये जिथे टेकून थांबते तिथपासून बोल्टच्या तोंडापर्यंतचं अंतर किती असावं याचं एक माप ठरलेलं असतं, त्याला हेडस्पेस म्हणतात. पुंगळीचं तोंड संपतं तिथून खाचा सुरू होईपर्यंत नळीचा एक छोटा गुळगुळीत भाग असतो. हा चेंबरचा घसा. पुंगळीतून सुटलेली गोळी आधी घशातून सरकते आणि मग खाचांमध्ये शिरते. एकसारख्या दिसणाऱ्या काडतुसांची निम्मी भांडणं या घशात होतात, उरलेली हेडस्पेसमध्ये.

घशाच्या भांडणाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६×४५ नाटो यांचं. दोन्हींचं मूळ एक: १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकी लष्करासाठी हलक्या रायफलीचा शोध चालू असताना जन्मलेलं काडतूस. १९६४ च्या सुमारास त्याच्या दोन शाखा झाल्या. एक लष्करात एम१९३ या नावानं गेली, दुसरी .२२३ रेमिंग्टन म्हणून शिकाऱ्यांच्या दुकानात आली. १९८० मध्ये नाटोनं बेल्जियममध्ये विकसित झालेली जड गोळी, एसएस१०९, स्वीकारली आणि लष्करी शाखा आणखी पुढे सरकली. आपली इन्सास रायफल याच ५.५६ कुळातली, आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात हे काडतूस बनतं. दोन्ही काडतुसं शेजारी ठेवली आणि बुडावरची अक्षरं झाकली तर अनुभवी माणसालाही फरक सांगता येणार नाही. बाहेरची मापं इतकी सारखी, की एक दुसऱ्याच्या चेंबरमध्ये विनातक्रार बसतं.

फरक आहे तो चेंबरमध्ये. शिकारी .२२३चा घसा आखूड आणि घट्ट. शिकाऱ्याला अचूकपणा हवा, म्हणून गोळीनं लगेच खाचा पकडाव्यात अशी रचना. ५.५६च्या लष्करी चेंबरचा घसा त्याच्या साधारण दुप्पट लांब आणि जरा ऐसपैस. सैनिकाची रायफल चिखलात, धुळीत, तापलेल्या नळीसह चालली पाहिजे, आणि ट्रेसरसारख्या लांब गोळ्याही तिच्यात मावल्या पाहिजेत. लष्करी काडतूस या लांब घशाचा हिशेब धरून भरलेलं असतं. तेच आखूड घशात टाकलं की गोळीला पळायला वाव मिळत नाही. ती सुटता क्षणी खाचांवर आदळते, तिथे तिचं पितळ-तांबं कोरलं जाईपर्यंत मागे दारू पेटत राहते, आणि दाबाचा कळस ठरलेल्या पातळीच्या वर जातो.

म्हणून नियम एकाच दिशेचा आहे. .२२३चं काडतूस ५.५६च्या चेंबरमध्ये चालतं, फार तर नेम थोडा ढिला पडतो. ५.५६चं काडतूस .२२३च्या चेंबरमध्ये टाकू नये. अमेरिकेतली सामी ही काडतूस-निर्मात्यांची संस्था, १९२६ मध्ये स्थापन झालेली, या जोडीला असुरक्षित जोड्यांच्या यादीत टाकते. यावर अमेरिकी शिकारी हमखास म्हणतो, 'मी वर्षानुवर्षं टाकतोय, काही झालं नाही.' तो खोटं बोलत नाही. चांगल्या पोलादाची रायफल एवढ्या जादा दाबानं सहसा फुटत नाही. होतं ते असं: पुंगळी चेंबरला चिकटते आणि ओढून निघत नाही, किंवा बुडातला प्रायमर सैल होऊन बाहेर पडतो आणि घोड्याच्या यंत्रणेत जाऊन अडकतो. पोलिसांच्या आणि प्रशिक्षणाच्या बंदुकांत नेमकी हीच तक्रार येते. उन्हाळ्याच्या दिवसांत, तापलेल्या चेंबरमध्ये, घसा काजळीनं आणखी अरुंद झालेला असताना ती वाढते.

इथे एक गंमत आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे, कारण बहुतेक वाद तिच्यापायी होतात. .२२३साठी सामीची दाबाची मर्यादा ५५,००० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर तेवढे पौंड. नाटोची ५.५६साठी मर्यादा ४३० मेगापास्कल, म्हणजे ६२,००० पीएसआयच्या वर. ही दोन आकड्यांची तुलना सगळीकडे दिसते आणि 'लष्करी काडतूस सात हजारांनी जास्त ताकदीचं' असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. पण सामी दाब मोजते पुंगळीच्या मध्यावर आणि नाटो मोजतं पुंगळीच्या तोंडाशी. रक्तदाब दंडावर घेतला आणि मनगटावर घेतला तर आकडे वेगळे येतात, म्हणून काही माणसं दोन होत नाहीत. युरोपात काडतुसांचं प्रमाणीकरण करणारी सीआयपी ही संस्था, १९१४ साली बेल्जियममध्ये जन्मलेली, .२२३ रेमिंग्टनलाच ४३० मेगापास्कलची मर्यादा देते आणि .२२३ व ५.५६ ही वेगळी काडतुसं मानतच नाही. अटलांटिकच्या एका काठावर असुरक्षित ठरलेली जोडी दुसऱ्या काठावर एकच काडतूस आहे. दोन्ही संस्था आपापल्या जागी बरोबर आहेत. सीआयपीच्या देशांत बंदूक विकण्याआधी सरकारी चाचणीगृहातून तपासून घ्यावी लागते आणि चेंबरही सीआयपीच्या मापानंच कापलेलं असतं. अमेरिकेत तसं बंधन नाही, आणि तिथे आखूड घशाच्या जुन्या रायफली घराघरांत आहेत. दाबाचे आकडे बाजूला ठेवले तरी घशाची लांबी खरीच वेगळी आहे, म्हणून सामीच्या इशाऱ्याला माझ्या मते अर्थ उरतो. त्याचं समर्थन मात्र चुकीच्या गणितानं केलं जातं.

या भांडणावर तोडगा काढला तो बिल वाइल्ड नावाच्या एका अमेरिकी बंदूक-कारागिरानं. स्पर्धेतल्या नेमबाजांना लांब, जड गोळ्या वापरायच्या होत्या, त्यांना लष्करी चेंबरची लांबी हवी होती आणि शिकारी चेंबरचा घट्टपणा. वाइल्डनं घसा लांब ठेवला, पण त्याचा व्यास शिकारी चेंबरसारखा घट्ट केला. .२२३ वाइल्ड नावाचं हे चेंबर आज दोन्ही काडतुसं बिनघोर खातं.

बसणं, न फुटणं आणि लागणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हेही याच कुळात दिसतं. एम१९३ची गोळी ५५ ग्रेन वजनाची, एसएस१०९ची ६२ ग्रेनची आणि लांब. अमेरिकी लष्कराच्या पहिल्या एम१६ रायफलींच्या नळीत पीळ सावकाश होता, बारा इंचात एक फेरा. त्या नळीतून एसएस१०९ सोडली तर बंदुकीला काही होत नाही. पण लांब गोळीला पुरेशी गिरकी मिळत नाही, ती हवेत डोलते आणि लक्ष्याला आडवी जाऊन लागते, किंवा लागतच नाही. म्हणून एम१६ए२ मध्ये पीळ सात इंचात एक असा केला.

.३०८ विंचेस्टर आणि ७.६२×५१ नाटो ही दुसरी प्रसिद्ध जोडी, आणि तिथे काटा उलटा फिरतो. इथे शिकारी काडतूस आधी आलं, १९५२ मध्ये. नाटोनं लष्करी भावंड स्वीकारलं १९५४ मध्ये. इथेही दाबाची एक दंतकथा आहे. अमेरिकी लष्कराच्या पुस्तिकेत ७.६२साठी ५०,००० पीएसआय लिहिलेलं असतं, सामीच्या तक्त्यात .३०८साठी ६२,०००. घाबरायला एवढं पुरेसं आहे. पण लष्कराचा आकडा तांब्याच्या छोट्या दंडगोलावर दाब देऊन तो किती चेपला यावरून काढलेला आहे, सामीचा विद्युत संवेदकावरून. तांब्याच्या पद्धतीनं .३०८ची मर्यादा ५२,००० येते. म्हणजे दोन्ही काडतुसं जवळपास एकाच दाबाची.

खरा फरक हेडस्पेसचा. लष्करी चेंबर जरा खोल कापलेलं असतं, काही रायफलींत शिकारी मर्यादेपेक्षा ०.२ मिलिमीटरपर्यंत जास्त खोल चालवून घेतलं जातं. लष्करी पुंगळीचं पितळ जाड असतं, ते हा ताण सोसतं. गोळी सुटते तेव्हा पुंगळीचा पुढचा भाग फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरतो आणि बूड मागे बोल्टवर ढकललं जातं. मधल्या पितळाला ताणावंच लागतं. पातळ पितळाची शिकारी पुंगळी खोल चेंबरमध्ये जास्त ताणली जाते आणि बुडाच्या थोडं वर तिला चीर पडते. मग जो वायू पुढे जायचा तो मागे, गाल टेकवून बसलेल्या माणसाकडे येतो. तेव्हा .३०८च्या चेंबरमध्ये ७.६२ चालतं, पण झिजलेल्या, खोल लष्करी चेंबरमध्ये .३०८ टाकण्याआधी हेडस्पेस मोजून घ्यावी. सामीच्या यादीत मात्र ही जोडी नाही.

या वादात एक भारतीय रायफल अमेरिकी संग्राहकांच्या तोंडी सतत असते. १९६२च्या चीन युद्धानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यानं जुन्या .३०३ ली-एन्फिल्ड रायफलीच्या सांगाड्यावर, पण सुधारित पोलाद वापरून, ७.६२ नाटोसाठी २ए आणि २ए१ या रायफली बनवल्या. नंतर त्या मोठ्या संख्येनं अमेरिकेत विकल्या गेल्या. दिसायला .३०३, चेंबर ७.६२चं. तिच्यात दुकानातलं .३०८ टाकावं का यावर तिथे माणसं हमरीतुमरीवर येतात. मला यातली साधी भूमिका पटते: ती बनली लष्करी काडतुसासाठी, वय झालंय साठीच्या आसपास, तिला तिचंच खाऊ द्यावं.

खाणं आणि तोंड यांची गाठ चुकल्यानं किती जीव जातात हे पहिल्या महायुद्धात कॅनडानं पाहिलं. कॅनडाच्या तुकड्यांकडे सर चार्ल्स रॉस यांची रायफल होती, बोल्ट सरळ मागे ओढायची, नेमाला अप्रतिम. तिचं चेंबर कॅनडात बनलेल्या .३०३ काडतुसांच्या मापानं घट्ट कापलेलं होतं. ब्रिटनमध्ये युद्धाच्या घाईत लाखोंनी बनणाऱ्या .३०३ काडतुसांची मापं सैल होती. ब्रिटिशांच्या ली-एन्फिल्डचं चेंबर ऐसपैस असल्यानं तिला ती चालून जात. एप्रिल १९१५ मध्ये ईप्र इथे जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला आणि हल्ला चढवला, तेव्हा रॉसच्या तापलेल्या चेंबरमध्ये ब्रिटिश पुंगळ्या अडकून बसल्या. सैनिक बुटाच्या टाचेनं बोल्टवर लाथा मारत होते. पुष्कळांनी रॉस फेकून मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एन्फिल्ड उचलल्या. नाव एक, देशांची आघाडी एक, काडतुसावरचं .३०३ही एक; फरक मिलिमीटरच्या काही शतांशांचा. कॅनडाचे मंत्री सॅम ह्यूज रॉसची बाजू लढवत राहिले. चेंबरं मोठी करून पाहिली, पण बोल्टचे दोषही होतेच, आणि १९१६ मध्ये कॅनडाच्या पायदळातून ती रायफल निघाली.

जर्मनांच्या घरातही असंच झालं होतं, फक्त तिथे गोळीच जाड झाली. १८८८च्या त्यांच्या ८×५७ काडतुसाची गोळी सुमारे ८.०८ मिलिमीटरची होती. १९०५ मध्ये त्याच पुंगळीत टोकदार, हलकी, पण ८.२२ मिलिमीटर जाडीची गोळी आली. जुन्या लष्करी रायफली दुरुस्त करून त्यांच्यावर 'एस' अक्षर ठोकलं गेलं. शिकारी रायफली मात्र पुढची कित्येक दशकं जुन्या बारीक नळीच्याच बनत राहिल्या. महायुद्धांनंतर दोन्ही प्रकार अमेरिकेत पोचले, तेव्हा कुणाच्या माळ्यावर कुठली पडलीय याचा भरवसा नव्हता. अमेरिकी कंपन्यांनी मग काडतूसच इतकं सौम्य भरलं, की बारीक नळीतही निभावून जावं: मर्यादा ३५,००० पीएसआय, तर युरोपात याच काडतुसाला ३९० मेगापास्कल, म्हणजे ५६,०००च्या पुढे. शिकाऱ्यांना हे सौम्य काडतूस पुळचट वाटतं. मला ते शहाणपणाचं वाटतं.

याच्या तुलनेत .२२ची छोटी काडतुसं गुण्यागोविंदानं नांदतात. १८५७चं .२२ शॉर्ट आणि १८८७चं .२२ लाँग रायफल यांचा व्यास एकच, लांबी वेगळी, म्हणून मोठ्या भावाच्या चेंबरमध्ये धाकटा चालतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्य पदक मिळवलं तो याच .२२ लाँग रायफलचा खेळ. या पातळीवर प्रश्न फुटण्याचा उरत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांच्या वेगवेगळ्या खेपा नळीला क्लॅम्प लावून चाचणीत झाडून पाहतात आणि आपल्या नळीला मानवणारी खेप नेमबाज साठवून ठेवतो.

खरी भीती वाटावी अशी जोडी गेल्या दीड दशकातली. २०११ मध्ये सामीनं .३०० ब्लॅकआउट मान्य केलं. पुंगळी ५.५६चीच, आखूड कापून तोंड रुंद केलेली, गोळी .३०८ इंची. त्यामुळे बोल्ट तोच, मॅगझिन तेच, फक्त नळी बदलायची. सोय इतकी मोठी, की धोका तिच्यातच आहे. एकाच माणसाकडे दोन्ही रायफली आणि एकसारखी मॅगझिनं असतात. ब्लॅकआउटचं काडतूस चुकून ५.५६च्या चेंबरमध्ये गेलं, तर खरं तर बोल्ट बंद व्हायला नको. पण हलक्या, टोकदार गोळीचं काडतूस असेल तर बोल्टच्या धक्क्यानं गोळी पुंगळीत मागे दबते आणि बोल्ट बंद होतो. मग .३०८ची गोळी .२२४च्या नळीत शिरू पाहते. रायफल फुटते, इथे 'सहसा' हा शब्द वापरायची सोय नाही. म्हणून जाणती माणसं मॅगझिनांना वेगळ्या रंगाचे पट्टे लावतात. छऱ्याच्या बंदुकांनी हा धडा आधीच घेतलेला. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत सरकून पुढे अडकतं, चेंबर रिकामं दिसतं, मागून बाराचं काडतूस भरलं की नळी फाटते. वीस बोअरची काडतुसं पिवळी असतात ती म्हणूनच.

आणि काही वेळा काडतूस न बसणं हेच कुणाला तरी हवं असतं. हिंदुस्थानातल्या इंग्रज सरकारला १९०७च्या सुमारास धास्ती होती, की शिकारीच्या .४५० काडतुसांमधल्या गोळ्या उपटून बंडखोर त्या जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलींत वापरतील. .४५० वर बंदी आली आणि विलायती बंदूकवाल्यांनी हत्ती-गव्यांच्या शिकारीसाठी .४६५, .४७० अशी नवी मापं काढली, जी लष्करी नळीत जाणारच नाहीत. खाजगी माणसाला .३०३ही मिळेना. त्या पोकळीत .३१५ आलं. ऑस्ट्रियाच्या ८×५०च्या मान्लिकर पुंगळीवर बेतलेलं, बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीनं शिकारी रायफलीसाठी वापरलेलं. रायफलीचा सांगाडा ली-एन्फिल्डचाच, चेंबर तेवढं वेगळं.

इंग्रज गेले, पण हा भेद राहिला. १९५९च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत .३०३ आणि ७.६२ सामान्य परवानाधारकाला बंद आहेत; .३१५ खुलं. आपल्या ऑर्डनन्स कारखान्यांनी .३१५ची रायफल दशकानुदशकं बनवली आणि तिच्या कित्येक काडतुसांच्या बुडावर 'केएफ' ही खडकीच्या कारखान्याची अक्षरं आहेत. लष्करी काडतूस सामान्य माणसाच्या हाती लागू नये म्हणून आखलेल्या या वाटेनं भलत्याच ठिकाणी वळण घेतलं. बाजारात सहज मिळणारं रायफलीचं काडतूस तेवढं .३१५, म्हणून उत्तरेकडे गावठी कट्टे त्याच मापाचे बनतात, आणि आपल्याकडच्या पोलीस कारवायांच्या बातम्यांतही 'थ्री फिफ्टीन बोअरचा कट्टा' अधूनमधून सापडतो. मिळेल त्या पोलादी नळीचा, ना हेडस्पेस मोजलेली, ना घसा कापलेला, आणि खाचा तर नाहीतच. पूर्ण लांबीच्या रायफलीसाठी भरलेलं काडतूस त्यात बसतं आणि उडतंही. त्यातला किती वायू पुढे जाईल आणि किती धरणाऱ्याच्या मनगटाकडे येईल, हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही.